माझ्या वाट्याची दोन पिल्लं

एकाच संध्याकाळी एकाच घरातून दोन फोन आले, आणि दोन्ही एकमेकांच्या उलटे.

पहिला शामरावांचा, घाटंजी तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून. "ताई, तुमी तं आल्याच नाई. तुमचं काय असन थे घेऊन जा, म्हणजे मी मोकळा." मी 'काय झालं' म्हणेपर्यंत आवाज गेला. थोड्या वेळानं त्याच नंबरवरून त्यांच्या बायकोचा, पंचफुलाबाईंचा. या बाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं. "ताई, येऊ नका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "अन् आल्याच, तं तिले नेऊ नका."

ती म्हणजे मुक्ता. आमची कुत्री. 'आमची' या शब्दाला तेव्हा माझी तत्त्वतः हरकत होती, पण ते पुढे येईल.

मुक्ताची गोष्ट जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. देशाच्या पूर्वेकडच्या एका राज्यात, मांसासाठी कुत्री घेऊन चाललेला ट्रक तिथल्याच काही तरुण मुलांनी अडवला. प्रत्येक कुत्रं एकेका पोत्यात, डोकं तेवढं बाहेर, तोंड सुतळीनं बांधलेलं. त्या मुलांनी घरं शोधायला देशभर हाका दिल्या. आमच्या नाशिकच्या छोट्या गटाकडं रेल्वेनं दोन कुत्री आली. मुक्ता त्यातली धाकटी, जवळजवळ पिल्लूच. ती कुणाला हात लावू द्यायची नाही. पोतं दिसलं की थरथरत भिंतीला चिकटायची.

आमच्या शेडशेजारी एक इमारत उठत होती आणि तिथं शामराव वॉचमन होते. कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळकडची किती तरी माणसं तेव्हा आमच्याकडं द्राक्षबागांत आणि बांधकामांवर आलेली असायची. मुक्तानं आम्हा सगळ्यांना सोडून शामरावांची खाट निवडली. पेरणीसाठी ते गावी निघाले तेव्हा आम्ही ती त्यांनाच दिली. नसबंदीच्या वयाची ती अजून नव्हती. ती यवतमाळला करून घ्या, असं त्यांना बजावलं. आणि नाशिकरोड स्टेशनवर मी, सवयीप्रमाणे, एक भाषण ठोकलं.

"शामराव, ही तुमची नाही. ही आमचीही नाही. ही फक्त तुमच्याकडं सोपवली आहे. विकायची नाही, परस्पर कुणाला द्यायची नाही. आम्ही दर वर्षी येऊन पाहणार."

त्यांनी हात जोडून ऐकलं आणि म्हणाले, "मंजूर." मला वाटलं, माणूस हलला. माझ्या भाषणांनी माणसं हलतात, असा माझा समज होता आणि तो टाळ्यांनी पक्का केलेला होता. 'प्राणी ही कुणाची मालमत्ता नाही' हे माझं वाक्य तर व्याख्यानमालांमध्ये हमखास वाजायचं.

त्यानंतर आम्ही दोन वर्षं गेलोच नाही. आणि आता हे फोन. मी आपल्या मनात अख्खी शोकांतिका लिहून टाकली: कापूस पडला, घरात चणचण, नवऱ्याला कुत्रं जड झालं, बायकोचा जीव गुंतला. घडीचा पिंजरा, पट्टा आणि बिस्किटं घेतली आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकरोडहून संध्याकाळची गाडी धरली की पहाटे विदर्भात उतरता येतं. धामणगावला प्रत्येक गाडी थांबत नाही, तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. नाहीतर बडनेरा आहेच. धामणगावहून यवतमाळला एसटी सतत असतात. नोव्हेंबरअखेर जाल तर शाल हवीच. मी नेली नव्हती. तिकडं उन्हाळाच असतो, अशी आपली शाळेपासूनची समजूत.

एसटीत कंडक्टरनं माझ्या पिंजऱ्याकडं पाहून विचारलं, "म्याडम, यात कोन येनार हाय?"

"कुत्री."

"वाघ असता तं फुल तिकीट लागलं असतं. आमच्याकडं वाघ बी हायेत, सांगा, घेऊन जाता का?"

बस हसली. माझ्या शेजारची बाई मात्र गंभीरपणे म्हणाली, "वाघ नको, डुकरं घेऊन जा. कपाशी लोळवून राह्यले मेले."

खिडकीबाहेर कपाशी फुटली होती आणि मधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी. दुरून पाहणाऱ्याला हे सगळं इतकं सुरेख दिसतं की वर्तमानपत्रात या जिल्ह्याबद्दल काय छापून येतं ते खोटं वाटावं. मला ते खोटं वाटलं नाही. मला राग आला. घरोघरच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवलेल्या, आणि त्यातल्या पांढऱ्या बोंडांएवढी बोंडं कुठल्याच शेतात नाहीत. यावर मी तासभर बोलू शकते. बसमध्ये ऐकणारं कुणी नव्हतं, सगळे झोपले होते.

यवतमाळच्या स्टँडवर आलुबोंडा आणि वर तर्री. जपून. डोळ्यांतून पाणी आलं तर तो आलुबोंड्याचा दोष नाही, मागून मागून तर्री घेणाऱ्याचा आहे. तिथून घाटंजीची बस. रस्ता कुठं रस्ता, कुठं आठवण. पिंजरा मांडीवर घेऊन बसले. सगळा वेळ मी पाठ करत होते, शामरावांना काय काय सुनवायचं.

घाटंजीत त्या दिवशी आठवडी बाजार होता. शामराव मला बाजारातच भेटणार होते, शेळ्यांच्या कोपऱ्यात. मी गर्दीतून वाट काढत पोचले आणि थबकले. दोन बोकड दोरीला, शेजारी उकिडवे बसलेले शामराव, आणि त्यांच्या पायाशी मुक्ता. अंगानं भरलेली, केसांवर चकाकी. मांसाच्या बाजारातून सोडवलेली माझी मुक्ता मांसाच्याच बाजारात निवांत जांभई देत बसली होती.

आणि तिच्या पोटाखाली आचळं लोंबत होती.

"शामराव," मी नमस्कारसुद्धा न करता म्हटलं, "ही व्यालीय!"

"व्याली न. चार झाले. सगळे तंदुरुस्त." त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला. "तुमी बसा. चहा सांगू का?"

"ऑपरेशन का नाही केलं? मी बजावलं होतं!"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "तुमच्या जनावराले मी कसं काय कापू, ताई? कोनी असं करते का?"

हे उत्तर मला कळलं नाही. सरळ सांगते, अजिबात कळलं नाही. अज्ञान म्हणावं तर माणूस अज्ञानी नव्हता, चेष्टा म्हणावी तर चेहरा गंभीर. मी पुढचा हल्ला करणार तेवढ्यात सायकल ढकलत एक रिटायर्ड मास्तर आले. त्यांनी दोन्ही बोकडांच्या पाठी दाबून पाहिल्या, कान ओढले आणि एकाची दोरी सोडली.

"हा माझा," मास्तर म्हणाले.

"न्या," शामराव म्हणाले. पैसे नाहीत, घासाघीस नाही.

मी विचारलं तेव्हा मास्तरांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. "शेळी माझी आहे म्याडम, राखण याची. पिल्लं होतील ती निम्मी माझी, निम्मी याची. आमच्याकडं याला बटई म्हणतात. शेत बटईनं देतात तशी शेळीही देतात. आणि वाटा पाडताना पहिली निवड मालकाची. कापसानं हात सोडल्यापासून अर्ध्या गावाला बटईच्या शेळ्यांनीच धरून ठेवलंय."

पद्धत छान आहे, असं म्हणून मी पर्यटकासारखी मान डोलावली. चालत्या गाडीतून देऊळ पाहून हात जोडावेत तसं.

शामरावांच्या वाट्याचा बोकड एका खाटकानं घेतला. उपरण्याखाली दोघांनी बोटं धरली, दोनदा मान हलली, सौदा झाला. खाटीक सभ्य माणूस होता. बोकडाला ओढलं नाही, पाला दाखवत नेलं. मुक्ता उठली आणि त्या बोकडामागं चालू लागली. चहाच्या टपरीपर्यंत गेली, उभी राहिली, मग वळून परत आली आणि शामरावांच्या पायाशी बसली.

"एकाच घरात वाढले न," शामराव म्हणाले.

मी पिंजरा उचलला आणि निघायची घाई केली.

गावाला जायला काळीपिवळी जीप मिळते. भरेपर्यंत निघत नाही आणि भरल्यावरही निघत नाही. आम्ही मुक्तासोबत चालतच गेलो, शेतांच्या कडेनं. शामरावांनी बाजारातून ज्वारी घेतली होती, ती जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात.

"पोतं नाई वापरत मी," ते म्हणाले. "पोतं दिसलं का हे पळते. एकदा पळाली तं दोन दिस आली नाई. तवापासून घरात पोतं नाई."

"मग कापूस कशात भरता?"

"भरतच नाई. पाहा चालून."

पाहिलं. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक सुट्या कापसानं छातीपर्यंत भरलेली. भाव वाढेल म्हणून थांबलेला कापूस. त्यानं अंगाला खाज सुटते, घरात माणसाला पाठ टेकायला जागा राहत नाही, हे मला माहीत होतं. त्या ढिगात एक खळगा होता आणि खळग्यात चार पिल्लं, एकमेकांवर पाय टाकून.

"व्यापारी आलता पाहाले," दारातून एक बाई म्हणाली. "मले म्हणते, बाई, यात कापूस किती अन् कुत्रं किती?"

ह्या पंचफुलाबाई. विनोद त्यांनी सांगितला, हसल्या मात्र नाहीत. पायांवर पाणी घालायला तांब्या दिला, बसायला चटई दिली, पण डोळे माझ्या पिंजऱ्यावर. मग सरळ म्हणाल्या, "थे बाहेर ठेवा. तिले समजते."

मी पिंजरा अंगणात ठेवला.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्यात शिजवलेले ओल्या तुरीचे सोले आणि मिरचीचा ठेचा. सोल्यांची ही भाजी फक्त या दिवसांत आणि फक्त इकडं. कुणी केली तर नाही म्हणू नका. पंचफुलाबाई वाढत होत्या आणि गप्प होत्या. पिल्लांचं आणि फोनचं विचारायचं होतं, पण मला ती शांतता सोसेना, म्हणून मी नको तिथं तोंड उघडलं.

"तो बोकड गेला, वाईट नाही वाटलं?"

"बाटलीनं दूध पाजून मोठा केला होता मी थो. त्याची माय पाजत नोती."

"आणि तरी?"

"तरी काय? थो बाजाराचा, हे घरची." त्यांनी भाकर मोडली. "इकाचं जनावर असलं का आमी नाव नाई ठेवत त्याले. थो नुसता बोकड."

"मुक्ताला तर नाव आहे."

"थे तुमी ठेवलेलं. आमी नाशकी म्हणतो. नाशिकची न थे."

"नाशिकची नाही ती! ती पूर्वेकडची आहे. तिकडं तिला असंच बाजारात नेत होते. आज त्या बोकडाला नेलं ना, तसंच. तिकडच्या माणसांनाही वाटत असणार की कुत्रं बाजाराचं."

"मंग?"

"मग काय फरक राहिला?"

"मले काय इचारता? तुमीच फरक केला न. तुमी कुत्रीच आनली, बोकड कुठं आनला?"

समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ताज्या फुलांची. मी तिच्याकडं बोट दाखवलं आणि पहिलं शील काढलं, प्राणिमात्राला न मारण्याचं. काढताक्षणी मला माझाच आवाज नकोसा झाला. दुसऱ्याच्या घरी बसून, त्यांची भाकर खात, त्यांच्याच भिंतीवरचं त्यांना वाचून दाखवायचं! पण शब्द तोंडातून गेला होता.

पंचफुलाबाई रागावल्या नाहीत. "थे आमी रोज म्हणतो, ताई. म्हणून रोज बोचते. तुमाले भाषण झालं का बोचनं थांबते का?"

"नाही," मी म्हटलं. "थांबत नाही."

"मंग खा. भाजी थंडी होऊन राह्यली."

जेवणं झाली तसे शेजारचे चार लोक अंगणात येऊन बसले. कुणी बोलावलं होतं कळेना. शामरावांनी कापसातून चारही पिल्लं उचलून टोपल्यात घातली आणि टोपलं माझ्यासमोर आणून ठेवलं. दोन नर, दोन माद्या. मुक्ता मागोमाग आली आणि टोपल्याला टेकून बसली.

"निवडा ताई," शामराव म्हणाले. "पहिली निवड मालकाची."

आधी मला काहीच समजलं नाही. मग बाजारातले मास्तर आठवले, आणि सगळं एकदम डोक्यात कोसळलं. तुमचं काय असन थे घेऊन जा. तुमच्या जनावराले मी कसं कापू. दोन वर्षं हा माणूस माझी कुत्री बटईनं राखत होता. ज्यानं दिली तो मालक, जो पोसतो तो राखणदार, वेत झालं की वाटा. मालकाच्या मादीला वांझ करणं म्हणजे मालकाचं नुकसान, सरळ बेइमानी. म्हणून ऑपरेशन नाही.

"शामराव, ही बटई नव्हती!"

"मंग काय होती?"

"दत्तक! दत्तक दिली होती."

"दत्तक लेकराले 'हे तुमचं नाई' असं सांगून देते का कोनी? अन् दर साली पाहाले येईन म्हणते का?" ते भांडत नव्हते, समजून घेत होते. "टेसनावर तुमी म्हणल्या, तुमची नाई. मी म्हणलं बरं. मंग म्हणल्या, आमची बी नाई. मले वाटलं, हे बोलाची रीत असन मोठ्या लोकाईची. कोनाची तं असनच न, ताई? बिनमालकाचं काय असते? पोत्यात होती तवा बिनमालकाचीच होती थे."

अंगणातल्या लोकांनी माना हलवल्या. मी ज्या वाक्यावर सभा जिंकत आले ते वाक्य त्या अंगणात उभंच राहीना. पण पडलंही नाही. कारण मला अजूनही वाटतं की ट्रकवाल्यालाही ती त्याचीच वाटत होती, मालकी होती म्हणून तर पोत्यात भरली. मी हे म्हणणारही होते. पण समोर शामराव होते, ज्यांनी तिच्यासाठी घरातलं पोतं बंद केलं होतं.

"ते असू दे," मी म्हटलं. "मला वाटा नको. चारही तुम्हीच ठेवा."

मला हे उदार वाटलं होतं. शामरावांचा चेहरा मात्र उतरला. "काहून? राखणीत काई कमी दिसलं का?"

"मालकानं वाटा सोडला म्हणजे काई तरी खोट निघाली," चौघांतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या हळू.

तेव्हा पंचफुलाबाई पुढं आल्या. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "सोडू नका वाटा! वाटा नाई घेतला तं बटई तशीच राह्यते. आज नाई तं उद्या तुमी येसान, अन् तिले घेऊन जासान. दोन साल झाले, ताई, रस्त्यावर गाडी वाजली का मायं काळीज हालते. हे म्हणतात, दुसऱ्याची हाय, लय जीव नको लावू. जीव काय इचारून लागते का?" त्यांनी श्वास घेतला. "तुमचे दोन घ्या. अन् माय आमच्या नावानं सोडा. चार मानसाईसमोर. असंच गोलगोल बोलून नाई, सरळ."

म्हणजे चार माणसं यांनी बोलावली होती. आणि फोन मला टाळायला नव्हता, तिला वाचवायला होता. मी जिला वाचवलं असं म्हणत फिरते, तिला माझ्यापासून.

मी उभी राहिले. तिला सोडायचं तर आधी ती माझी आहे असं म्हणावं लागणार होतं. आयुष्यभर नाकारलेला शब्द. "ही कुत्री," मी म्हटलं, आणि थांबले. मुक्तानं माझ्याकडं पाहिलं, कंटाळून पुढच्या पायांवर डोकं ठेवलं. "ही कुत्री माझी होती. ती मी आजपासून पंचफुलाबाईंना आणि शामरावांना दिली. परत मागणार नाही. बटई संपली."

"अन् वाटा?" शामराव.

"आणि माझा वाटा मी घेते."

पंचफुलाबाईंचा हात एका चितकबऱ्या पिल्लावर होता, तेवढं सोडून मी दोन्ही माद्या उचलल्या. त्या तिथंच मोठ्या झाल्या तर पुन्हा वेत, पुन्हा पिल्लं, म्हणून. हे गणित मनात करताना लक्षात आलं, मालकासारखी मीही वेतंच मोजतेय. निवड चांगली केली म्हणून अंगणात कौतुकही झालं. पिल्लं मला पिंजऱ्यात घालावीशी वाटेनात. पंचफुलाबाईंनी बांबूचं टोपलं दिलं, त्यात मूठभर कापूस अंथरला.

निघताना मी शामरावांना विचारलं, "आता ती तुमची. ऑपरेशनचं बघाल?"

"आता मायी हाय," ते म्हणाले. "आता पाहातो."

काळीपिवळी दारापर्यंत आली होती. मी टोपलं घेऊन आत बसले, गाडी सुटली. मुक्ता उठली आणि मागं चालू लागली. रस्त्याच्या वळणापर्यंत आली, उभी राहिली. मग वळली आणि परत घराकडं गेली. सकाळी बोकडामागं गेली होती, तितकीच.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. रेल्वेत कुत्रं न्यायचं तर आधी नोंद करावी लागते, ती मी येतानाच एका मोठ्या कुत्रीच्या हिशेबानं करून ठेवली होती. पिल्लं दोन. धामणगावच्या बाबूनं बराच वेळ टोपल्यात पाहिलं आणि विचारलं, "मोठी कुत्री कुठाय?" मी म्हटलं, "दिली." त्यानं नोंदीत खाडाखोड केली.

घरी येऊन आता महिना होत आला. शामरावांचा फोन येऊन गेला, मुक्ताला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं. टाके चाटते म्हणून पंचफुलाबाई तिच्या गळ्यात जुनी परडी बूड कापून अडकवतात, गाव हसतं. कापसाचा भाव वाढला नाही. कुत्र्याच्या केसांसकट विकला.

एका पिल्लाला इथलंच एक घर मिळालं, मागच्या गल्लीतलं शिवणकाम करणारं जोडपं. ते न्यायला आले तेव्हा मी सवयीनं सुरू केलं, "हे पाहा, ही तुमची नाही, ही आमचीही..." आणि थांबले. दोघं वाट पाहत होते. "ही तुमची," मी म्हटलं. एवढंच. भाषण म्हणून फारच छोटं झालं.

पुढच्या आठवड्यात व्याख्यान आहे. ते हमखास वाजणारं वाक्य म्हणायचं की गाळायचं, माझं अजून ठरत नाही. बोकडाचंही ठरत नाही. ज्यांचं ठरलंय त्यांनी मला जरूर लिहा, पण एकदा घाटंजीच्या बाजारात शेळ्यांच्या कोपऱ्यात बसून मग लिहा.

दुसरं पिल्लू माझ्याकडंच आहे. काल कांदेवाल्याचं गोणपाटाचं रिकामं पोतं दारात राहिलं होतं. दुपारी पाहते तर ती त्यात शिरून झोपलेली, डोकं तेवढं बाहेर. त्या मुलांनी पाठवलेल्या ट्रकच्या फोटोत तिची आई होती, अगदी तशी. मी घाईनं पोतं काढून घ्यायला वाकले. तिनं एक डोळा उघडला, शेपटीनं आतून पोतं दोनदा हलवलं आणि पुन्हा झोपली. मी पोतं तसंच राहू दिलं.